चॅसीवरचा शेंदूर

निम्मी ज्वारी निवडून झाली होती, निम्मी अजून सुपात होती, तेवढ्यात शेजारच्या रायभानभाऊजींचा ट्रक गल्लीत शिरला. तोही हॉर्न न वाजवता. सकाळी नारळ फोडून, हार घालून परभणीला आरटीओत पासिंगला गेलेली गाडी दुपारच्या आत परत, आणि भाऊजी गाडीतून उतरून तसेच ओट्यावर बसलेले. सूप तसंच ठेवून मी दाराशी आले.

भाऊजींचे वडील, बिरदेवमामा, मेंढरं घेऊन तेलंगणाच्या अंगाला चालत जायचे. त्या वाटेवर त्यांना कधी कुणी कागद विचारला नाही. लेकानं मेंढरं सोडली, वाट सोडली नाही. पाथरीच्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी भरायच्या आणि तिकडच्या सूतगिरणीत उतरवायच्या, हे त्यांचं हंगामभराचं काम. पण मेंढराला एकदा खूण केली की झालं. ट्रकला मात्र आपण धडधाकट आहोत हे दरसाल नव्यानं दाखवावं लागतं. गाडी जुनी, म्हणून पासिंग वर्षाला. पासिंग झाल्याशिवाय नॅशनल परमिट पुढच्या वर्षाला वाढत नाही, आणि परमिट नसलं की परराज्यात चाक घालता येत नाही. त्यांचं परमिट परवा संपत होतं. जिनिंगवाल्यांनी आधीच बजावलेलं, तुमची गाडी नसली तर दुसरी लावू. एकदा दुसरी लागली की हंगाम तिचाच.

अडलं काय, ते भाऊजींनी पाणी पिऊन झाल्यावर सांगितलं. ब्रेक चांगले, दिवे चांगले, धूरही बेताचा. तपासणारे साहेब शेवटी चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, ठोकलेला नंबर वाचायला वाकले आणि नंबरच सापडेना.

त्याचं असं. गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा मामांनी विचारलं होतं, रंग बदलतो, पाटी बदलते, मग हिचं खरं नाव कुठं असतं? मिस्त्रीनं उजव्या पुढच्या चाकामागे लोखंडात ठोकलेले आकडे दाखवले. मामांनी तिथं तेल-शेंदूर लावला. मग दर खंडेनवमीला एक हात. मामा गेल्यावर त्यांच्या सुनेनं, बानूबाईनं, ते चालू ठेवलं, आणि यंदा मामांच्या आठवणीनं तिचा हात जरा सढळ पडला. दरसाल साहेब बोट फिरवून आकडे ओळखायचे. यंदा बोटाला नुसता गुळगुळीत देव लागला. साहेब म्हणे हसले. म्हणाले, आधी नंबर दाखवा, देव मी नंतर बघतो. उद्या या.

एवढं सांगून भाऊजी तारेचा ब्रश घेऊन उठले, तर बानूबाई चाकासमोर उभी.

"ब्रश लावायचा न्हाई. मामांच्या हातचा शेंदूर हाय त्यात. देवाला कुणी घासतं का?"

"मंग काय करू? गाडी दारात उभी करून तिलाच निवद दाखवू?"

"दाखवा की. तेवढं तरी घरी दिसताल."

मला हसू आलं. भाऊजींनाही आलं, पण त्यांनी ते मिशीत ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुमी एवढे उपास-तापास करता, तुमीच सांगा." शेंदूर ओरबाडावा असं माझ्या तोंडून निघालं नसतं, आणि एका घराचा हंगाम बुडू द्या असंही नाही. मी मनात पांडुरंगाचं नाव घेतलं.

बानूबाईनं त्या शेंदरावरून तळवा फिरवला. मग म्हणाली, माझ्या माहेरच्या म्हसोबाची शेंदराची खोळ अशीच जाड झाली होती. कुणी घासली नाही. पुजाऱ्यानं तेल पाजलं, उन्हात बसून राहिला, आणि देवानं ती आपसूक सोडली. "सोडायची असंल तर ह्योबी सोडील. न्हाई सोडली तर मंग तुमचा ब्रश."

तेल कोमट केलं. गाडी उन्हाच्या बाजूला वळवली. बानूबाई बसकूर टाकून चाकाशी बसली आणि कडेकडेनं कापसाच्या बोळ्यानं तेल सोडत राहिली, जसं तान्ह्याच्या टाळूवर घालतात तसं. भाऊजी दोनदा ब्रश घेऊन आले, दोनदा परत गेले. लोखंड चांगलं तापलं तशी एक कड उचलली. तिनं नखही लावलं नाही, नुसता तळवा खाली धरला. नारळाच्या करवंटीसारखी अख्खी खोळ हातात आली. आतल्या बाजूला सगळे आकडे उलटे उमटलेले. आणि चॅसीवर तेच आकडे, टकटकीत.

भाऊजी वाकले, एकेक आकडा बोट ठेवून वाचला आणि म्हणाले, "बापानं जपून ठेवला होता की. गंजसुदिक न्हाई."

बानूबाईनं खोळ खणात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवली. येत्या सोमवारी नदीत सोडायची ठरलं. पुढच्या खंडेनवमीपासून तिथं फक्त कुंकवाचं बोट, असंही ठरलं, ते मात्र थोडं भांडून.

दुसऱ्या दिवशी पासिंग झालं. साहेबांनी आकडे वाचले आणि जाता जाता देव कुठं गेला म्हणून विचारलं. संध्याकाळपर्यंत परमिटही वाढलं. घरी येताना भाऊजींनी गल्लीच्या तोंडापासून हॉर्न वाजवला, आणि बानूबाई आतूनच ओरडली की कळलं, म्हातारी माणसं झोपलीत. पेढे आले. मी माझ्या विठोबापुढे एक ठेवला.

गाठी उद्या भरायच्या आहेत. त्याआधी सकाळी भाऊजींना ताडपत्री बांधायला नवा दोर आणायला परभणीला जायचंय.