ओलेभाऊंना हवा होता चौथा बाप्तिस्मा

नळवाल्याचे तीन बाप्तिस्मे झाले होते आणि आता त्याला चौथा हवा होता. हसू नका. त्याच्या जागी तुम्ही असता तर तुमच्याही जिवाला घोर लागला असता.

पहिला झाला तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. पाण्यातून वर आलं की माणसाला आनंदाचं भरतं येतं, असं त्याने चर्चमध्ये एकेकाने उभं राहून दिलेल्या साक्षीत ऐकलं होतं. शिवणकाम करणारी एक बाई तर सांगायची, "मी वर आले आणि मला नाचावंसं वाटलं!" हा वर आला आणि याला शिंका आल्या. बस्स, एवढंच. आठवडाभर वाट बघितली, आनंदाचा पत्ता नाही. मग हा शहाणा दुसऱ्या चर्चच्या मंडळीत गेला आणि पहिल्याचं नाव न काढता तिथल्या बाप्तिस्म्याच्या हौदात उतरला. तिथेही तेच. तिसऱ्यांदा नदीत घेतला, वाहत्या पाण्यात. तेव्हा सर्दी मात्र महिनाभर टिकली.

आता यात त्याची चूक म्हणावी तर धंद्याचीच ती सवय. जोड गळतोय? खोला, टेप बदला, पुन्हा आवळा. तरी गळतोय? पुन्हा खोला. बायको एकदा वैतागून म्हणाली, "अहो, जास्त आवळलं की आटे जातात, असं तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगता ना? मग स्वतःला किती पिळाल?" पण ऐकेल तर शपथ! मंडळीतली तरुण मुलं त्याला पाठीमागे 'ओलेभाऊ' म्हणायची. ते त्याच्या कानावर आलं होतं आणि त्याला लागलंही होतं, पण सांगणार कुणाला?

उपासनेत सगळे मनापासून गायचे आणि हा गाता गाता स्वतःच्या छातीकडे कान लावून बसायचा. आला का? आता येतोय का? शेजारच्याच्या डोळ्यांत पाणी बघितलं की हा स्वतःचे डोळे चाचपून बघायचा. कामावरही चैन नव्हतं. एका घरी सिंकखाली उताणा पडून काम करता करता तो पुटपुटायला लागला, "प्रभू, मला घेतलंस की नाही, तेवढं सांग ना!" घरमालकीण घाबरून खाली वाकली. "काय झालं? फार मोठं काम निघालं का?"

"हो बाई," तो म्हणाला, "पण ते तुमच्याकडचं नाही."

खरी भीती ही होती. आनंद ही जर खूण असेल आणि ती खूण आपल्याकडे नसेल, तर देवाने आपल्याला आपलं म्हटलेलंच नाही. इतकी वर्षं आपण नुसते दारात उभे आहोत. या विचाराने त्याची अन्नावरची वासना उडाली. वॉशर आणायला गेला की रिकाम्या हाताने परत यायचा.

शेवटी तो पाळकांकडे गेला आणि पाना आपटावा तसा बोलला, "साहेब, येत्या रविवारी मला पुन्हा बाप्तिस्मा द्या. नाहीतर मी चाललो. परत या दारात तोंड दाखवणार नाही."

पाळक वयस्क होते, घाईत कधी नसायचे. ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही रोज सकाळी नव्याने जन्माला येता का?"

"चेष्टा करू नका, साहेब. माझा जीव जातोय."

"चेष्टा नाही. बाप्तिस्मा म्हणजे नवा जन्म, तो एकदाच होतो. रविवारी हौदात उतरायचंय तुम्हाला. पण स्वतःसाठी नाही, सासूबाईंसाठी."

सासूबाई त्याच्याच घरी राहायच्या. लेकीबरोबर उपासनेला येऊन येऊन त्यांचं मन प्रभूकडे वळलं होतं, हे त्याला माहीत होतं. पण त्यांना पाण्याची अशी धास्ती की आंघोळीलाही तांब्या अर्धाच भरायच्या. त्यांनी पाळकांना अटच घातली होती. "जावईबापू शेजारी उभे राहिले तरच मी उतरेन. नळवाला जावई केला तो काय शोभेला?"

नाही म्हणायची सोय नव्हती. रविवार येईपर्यंत मात्र तो जळफळत होता. मी मागतोय तर मला नाही, आणि ज्यांना पाणी बघवत नाही त्यांना पालखीत घालून नेताहेत! हौद भरायचं कामही अर्थातच याच्याच गळ्यात पडलं. त्याने चिडचिड करतच नळ सोडला.

रविवारी सासूबाई पहिल्या पायरीवर आल्या आणि थांबल्या. दुसऱ्या पायरीवर त्यांनी "मेले, मेले!" असा टाहो फोडला. मंडळी खुदकन हसली. तिसऱ्या पायरीवरून पाय घसरला आणि त्या सगळ्या वजनानिशी जावयाच्या अंगावर आल्या. त्याने दोन्ही हातांनी त्यांचा दंड आणि मनगट पकडलं. दुसऱ्या बाजूने पाळकांनी पाठ सावरली, शब्द उच्चारले आणि त्यांना पाण्याखाली नेलं. त्यांच्याबरोबर यानेही श्वास रोखला. त्यांच्या हाताची पकड एकदम सैल पडली. त्याने आणखी घट्ट धरलं आणि त्यांना वर आणलं.

कपडे बदलून झाल्यावर सासूबाई शेजारच्या खोलीत चहाचा कप घेऊन बसल्या. केसांना पंचा गुंडाळलेला. नळवाला ओल्याच पँटने समोर उभा राहिला. त्याला राहवेना.

"आई, काही वाटलं का?"

"गार वाटलं."

"तसं नाही हो. आतून. आनंद वगैरे?"

"कसला आनंद! बोबडी वळली होती माझी. तुमचा हात सोडायचा नाही असं घरून ठरवून आले होते. तो पण ऐन वेळी सुटला."

"मग तुम्हाला धाकधूक नाही वाटत? झाला की नाही म्हणून?"

सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू याला नळ दुरुस्त करता येतात हेच नवल. "जावईबापू, माझा हात सुटला. तुमचा सुटला का?"

"नाही."

"म्हणून आले ना मी वर! तुमच्यासारख्या माणसाला सासूला सोडवत नाही, तर प्रभू सोडेल होय? माझ्या पकडीवर असतं तर मी तिथेच तळाला गेले असते. बसा आता, डोक्यावर उभे राहू नका. आणि साखर कमी आहे यात."

नळवाला खाली बसला. बसला तो बसलाच. इतकी वर्षं तो आपलीच मूठ तपासत होता, किती घट्ट आहे, कुठे सैल आहे. आणि ज्याने धरलंय त्याच्या हाताकडे त्याने एकदाही बघितलं नव्हतं! त्याला एकदम हसू फुटलं. हसता हसता रडू आलं, आणि रडता रडता पुन्हा हसू. सासूबाई साखरेची वाट बघत होत्या.

बायकोने दारातून डोकावलं. "अहो, काय झालं? आई, काय बोललीस तू यांना?"

"मी कुठे काय! साखर मागितली."

तेवढ्यात पाळक पँटचे पाय पिळत आले. जरा चाचरतच त्यांनी विचारलं, "भाऊ, हौद रिकामा करायचाय. की तुमचं अजून... राहू दे म्हणता पाणी?"

"छे छे, साहेब," नळवाला नाक पुसत उठला, "पाणी कशाला अडवून ठेवायचं?" आणि बूच काढायला तो स्वतःच पळाला.