कुत्री गप्प करणारी मावशी

कुत्रं फार भुंकतं म्हणून कोणी तिला बोलवायला गेलं, की ती आधी विचारायची, "धनी कोन?" धनी पुढे झाला, की त्याच्या कानाखाली एक सणसणीत बसायची. मग ती शांतपणे खाली बसून कुत्र्याकडे बघायला लागायची.

मी वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर जुन्नरच्या बाजारात ज्यांनी तिला घोंगड्या विकताना पाहिलंय त्यांना विचारा. पन्नाशी उलटलेली धनगरीण, उंच, हाडापेराने मोठी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. हातात काठी असायची, पण ती मेंढरांसाठी. माणसांना तिचा पंजा पुरत असे. मागे चार दांडगी कुत्री. भर बाजारात, मटणाच्या दुकानासमोरसुद्धा ती चारही कुत्री तोंडातून आवाज न काढता बसून राहायची, आणि त्यावरूनच तिची कीर्ती पसरलेली. सगळे तिला मावशी म्हणत. ती सगळ्यांना अरे-तुरे करी, मामलेदाराच्या शिपायालाही. गाठ पडली असती तर मामलेदारालाही केलं असतं.

"कुत्रं उगा भुंकत न्हाई," ती म्हणायची. "तुमी काय तरी करून ठिवता, मंग ते भुंकतं. आन मंग तुमी त्यालाच हाणता."

जुन्नरच्या कागदी मोहल्ल्यात एका म्हाताऱ्या कागद करणाऱ्याच्या अंगणात कुत्रं होतं. लगदा कुटायचा जड दांडा दाणकन आदळला, की ते भुंकायचं. दांडा दिवसभर आदळायचा, म्हणजे कुत्रंही दिवसभर भुंकायचं. चाचा शहाणा होता. मावशी दिसताच दोन्ही हातांनी गाल झाकून म्हणाला, "मौसी, मारना मत, पहले सुनो." तिने त्याच्या टाळक्यात मारली. मग काम थांबवायला लावून दांडा अगदी हळू, वीतभर उचलून टाकायला सांगितला, आणि प्रत्येक ठोक्याला कुत्र्यापुढे भाकरीचा तुकडा टाकला. दुसऱ्या दिवशी दोन विती. आठवड्याभरात ते कुत्रं दांड्याच्या आवाजाची वाट बघत शेपूट हलवायला लागलं.

राजुरीच्या एका बागायतदाराने कुत्रं तिखट व्हावं म्हणून त्याला गांधीलमाश्या कुटून भाकरीतून चारल्या होत्या. आपल्याकडे ही खोड बऱ्याच घरांत आहे. ते पिसाळल्यागत दिवसरात्र भुंके. मावशीने उरलेली भाकरी मागून घेतली, बागायतदाराची मान काखेत धरली आणि ती त्याच्या तोंडात कोंबली. पुढे कितीतरी दिवस लोक त्याला विचारत, "काय राव, झालात का तिखट?"

मंचरला मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. तिथे एकाने भुंकणं बंद करायला कुत्र्याच्या तोंडाला तांब्याची तार आवळली होती. तार मांसात रुतली होती. मावशीने ती एकेक वेढा करून सोडवली, तेव्हा कुत्रं तिच्या मांडीवर मुतलं. मग तीच तार तिने त्या माणसाच्या मनगटावर गुंडाळली आणि रक्त येईपर्यंत पिळली. तो गुरासारखा ओरडला. चार जणांना ती आवरेना. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्या माणसाची मला आजही दया येत नाही.

मी तेव्हा पिंपरी पेंढारच्या शाळेवर मास्तर होतो. प्लेगचे दिवस. गावात उंदीर पडायला लागले आणि गाव बाहेर पडलं. माळावर कुडाच्या झोपड्या उभ्या राहिल्या. आदल्या साली माझा धाकटा भाऊ गाठीच्या तापाने गेला होता. त्याचे कपडे, अंथरूण, वह्या, सगळं सरकारी हुकमाने जाळलं. मागे राहिलं त्याचं कुत्रं, टिप्या. त्याच्यावर माझा जीव होता. कुत्र्यावर कसला जीव, असं कोणी म्हटलं तर म्हणो बापडं.

आमच्या शेजारच्या झोपडीत एक सुतार राहायचा. तो, बायको, दहा वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा. सुतार म्हणजे अगदी गरीब गाय. एका मंगळवारपासून टिप्या भुंकायला लागला तो थांबेना. सुताराच्या झोपडीमागे ढलप्यांचा ढीग होता, तिकडे तोंड करून, साखळी ताणून, घसा बसेपर्यंत भुंकायचा. माझी बायको ओरडायची. मी वहाण फेकून मारायचो. तो जास्तच भुंकायचा.

तिसऱ्या दिवशी सुतार दारात आला. डोळे लाल, हातात कुऱ्हाड. "मास्तर, रईवारपातुर ह्ये कुत्रं गप झालं न्हाई, तर म्या त्याचं डोस्कं फोडीन."

मी चाट पडलो. "पोराची झोप मोडते का?" मी विचारलं.

"पोर हितं न्हाई. मामाकडं धाडलंय," म्हणाला आणि निघून गेला.

मी तडक जुन्नर गाठलं. मावशीची मेंढरं कुठे आहेत याची चौकशी केली, तर ती आमच्याच बाजूला, माळाखालच्या एका शेतात खतासाठी बसवलेली निघाली. ती आली. "धनी कोन?" तिला पुरतं ठाऊक होतं धनी कोण ते. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. बायको दारामागे तोंडाला पदर लावून हसली.

मग मावशी अर्धा दिवस टिप्यापाशी बसून राहिली. "हातभर साखळी बांधलीस. जाता येत न्हाई, म्हनून वरडतंय. तू बी वरडतोस, मंग त्याला वाटतं, धनी बी भुंकतोय, आपलं बरुबर हाय." तिने जमिनीशी वाकून टिप्याच्या नाकाच्या रोखाने बघितलं, उठली, आणि सुताराकडे खुंटी मागायला म्हणून गेली. तिथे त्याच्या बायकोपाशी बराच वेळ बसली. परत आली ती खुंटीविनाच, आणि चेहरा असा की मला विचारायचा धीर होईना.

"हितं बांधू न्हको. हिरीच्या पल्याड बांध. सकाळच्याला लांब हिंडवून आन, पार दमस्तवर. मानसं समोरनं गेली आन ते गप ऱ्हायलं, तर तुकडा दे. भुंकलं तर पाठ फिरव, बोलू न्हको. आनि ह्या बाजूला मोकळं सोडू न्हको. अजाबात."

"का पण?"

"सांगितलं तेवढं कर, मास्तर."

मी केलं. चार दिवसांत टिप्या इतका निवळला की रविवार आला आणि गेला, सुतार काही आला नाही. येणारी-जाणारी माणसं बघून तो आता माझ्या हाताकडे बघायचा. मला तर शिकवल्याचा अभिमानच वाटायला लागला. पण बुधवारी आमच्या झोपडीतली दोन पितळी भांडी चोरीला गेली. बायको म्हणाली, "कुत्रं विहिरीपलीकडे आणि चोर घरात. कशाला पाळलंय मग?" मला पटलं. दारात का बांधायचं नाही, हे मावशीने सांगितलं नव्हतं, आणि कारण कळल्याशिवाय ऐकायचं नाही ही मास्तरांची खोड. गुरुवारी सकाळी टिप्याला पुन्हा दारात बांधलं.

दुपारपर्यंत त्याने माळ डोक्यावर घेतला.

सुतार धावत आला. त्याने कुऱ्हाड उलटी धरली होती. पहिला घाव टिप्याच्या बरगड्यांवर बसला, तो आवाज मी अजून ऐकतो. दुसरा घाव डोक्यावर बसायचा, पण मावशी खालच्या शेतातून आवाज ऐकून आली होती, तिने मधे हात घातला. कुऱ्हाड हातातल्या हातात फिरली आणि पातं तिच्या कोपराखाली घुसलं. ती हटली नाही. तिने डाव्या हाताने सुताराची गचांडी धरली, त्याला खाली आपटला आणि छातीवर गुडघा रोवला. त्याने तिच्या जखमेत बोटं रुतवली. तिने त्याचं डोकं दोनदा जमिनीवर आपटलं. मी नुसता बघत उभा होतो.

या झटापटीत साखळीची खुंटी उपटली गेली. मला वाटलं टिप्या सुतारावर जाणार. तो गेला ढलप्यांच्या ढिगाकडे. एका अंगाने लंगडत, मधेच पडत, पण गेला, आणि पुढच्या पायांनी उकरायला लागला. ढलप्या उडाल्या. खालची माती उडाली. मातीतून लाल टोपडं वर आलं.

सुताराच्या बायकोने तोंडात पदर कोंबला. मावशीने सुताराच्या छातीवरचा गुडघा काढला.

तुम्ही ते दिवस पाहिले असतील तर मी सांगायला नको. गाठीने मेलेलं माणूस लपवलं, तर सगळं घर उचलून सरकारी छावणीत नेत, आणि तिथून परत आलेली माणसं आमच्या गावात कोणी पाहिली नव्हती. त्या बापाने पोटचं पोर दिवसाढवळ्या बाहेर नेता येईना म्हणून स्वतःच्या ढलप्यांखाली पुरलं होतं, आणि रोज त्याच्या शेजारी बसून रंधा मारत होता.

एवढ्यात पलीकडून हाक आली, "तपासणी आली रं!"

टिप्या भुंकतच होता. मावशीने त्याला खसकन ओढलं, टोपड्यावर पायाने माती लोटली, ढलप्या लोटल्या, आणि स्वतः त्या ढिगावर बसली. टिप्याला मांडीवर घेऊन वरून घोंगडी टाकली आणि आत हात घालून त्याचं तोंड आवळून धरलं. सुताराला म्हणाली, "रंधा मार. ऊठ. रंधा मार!"

कारकून आला, दोन शिपाई आले. सुताराच्या बायकोच्या आणि मुलीच्या काखा चाचपल्या, झोपडीत डोकावले. सुताराचा रंधा चालूच होता. कारकुनाने मावशीच्या हातावरून गळणारं रक्त बघितलं. "हे काय?"

"सरपान फोडताना लागलं."

मागच्या तपासणीला टिप्या कारकुनाच्या अंगावर गेला होता, ते त्याच्या लक्षात होतं. "मास्तर, तुमचं कुत्रं दिसत नाही?"

"मेलं," मी म्हणालो.

घोंगडीखाली एकदा, दोनदा धडपड झाली. मावशी खोकली, मोठमोठ्याने खोकत राहिली. कारकून दोन पावलं मागे सरला आणि नाकाला रुमाल लावून पुढच्या झोपडीकडे गेला. ते माळाच्या टोकाला पोचेपर्यंत मावशीने हात सैल केला नाही.

घोंगडी काढली तेव्हा टिप्या गेलेला होता.

ती त्याचं नाक, छाती, पोट चाचपत राहिली. त्याच्या तोंडात फुंकर मारली. सुतार रांगत आला. "माझ्या घावानं गेलं, मावशे. माझ्या घावानं."

"न्हाई रं. माझ्या हातात व्हतं ते."

मी टिप्याला उचलून घेतलं. उचलताना बरगड्या माझ्या बोटांना लागल्या. तीन तरी मोडून आत गेल्या होत्या, आणि त्याच्या घशातून काळं रक्त माझ्या सदऱ्यावर आलं. तो कशाने मेला ते मला त्याच क्षणी कळलं. त्या घावानंतर तो वाचलाच नसता. पण भावाचं शेवटचं जे काही होतं ते माझ्या हातात लोंबत होतं, आणि सुतारावर ओरडावं तर त्याचं पोर त्या ढलप्यांखाली. मग ज्या बाईने माझ्यासाठी हात फाडून घेतला होता तिलाच मी म्हणालो, "तू मारलंस त्याला."

तिने होकाराची मान हलवली. तिने मला मारायला हवं होतं. मारलं नाही.

पुढे ऐकलं, तिने कुत्र्यांची कामं सोडली. कागदी मोहल्ल्यातला चाचा मला म्हणाला, "मौसीको बुलाया तो बोली, आता न्हाई जमत. क्या हुआ मास्तर उसको?" मी म्हटलं, ठाऊक नाही.

तीन वर्षांनी मंचरच्या बाजारात ती दिसली. उजवा हात वाळून काठीसारखा झालेला, घोंगडीची घडी ती डाव्या हाताने आणि दातांनी घालत होती. तिची कुत्री गिऱ्हाइकांवर भुंकत होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. मी समोर जाऊन उभा राहिलो. सुताराची माणसं जगली, मुलीचं लग्न ठरलं, हे मी सांगितलं.

"बरं झालं," ती म्हणाली. मग घोंगडीचं टोक दातांतून सोडून, "मास्तर, अजून हाताला त्येची धडपड लागती. पानी पितानासुदिक."

तेव्हाच बोलायचं होतं. बरगड्यांचं सांगायचं होतं. भोवती माणसं होती, मी शाळेचा मास्तर, आणि तीन वर्षं गप्प का बसलो हे सांगायची लाज वाटली. मी एक घोंगडी विकत घेतली आणि निघालो.

आठ दिवस मी घरात ते वाक्य घोकलं. मावशे, तुझ्या हाताने नाही, कुऱ्हाडीच्या घावाने गेला तो. पुढच्या बाजाराला पहाटेच मंचरला पोचलो. तिच्या जागेवर तिची सून बसली होती.

"सासू वारली," सून म्हणाली. "परवा दिस मावळताना. काय काम व्हतं पावनं?"