डब्यातली माणसं

आमच्या फोटो स्टुडिओच्या फळीवर एक काळा डबा आहे. मागे दोन वायरी, पुढे दोन हिरवे दिवे. त्याच्या पोटात दोन हार्ड डिस्क आहेत आणि त्यांत अब्बांनी काढलेले सगळे फोटो. चंद्रपूरला कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने तो आणून बसवला, तेव्हा अब्बा होते. घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर डब्यातले फोटो उघडतात, हे त्यांना भारीच आवडलं. दुपारभर पलंगावर पडून ते गिऱ्हाइकांचे चेहरे बघत बसायचे. एवढं निरखून मला कधी बघितलं असतं तर, असं म्हणत अम्मी चहाचा कप जरा जोरातच आपटायची.

अब्बा गेले आणि दुकान माझ्याकडे आलं. आमच्या मुलचेऱ्याच्या बाजाराच्या दिवशी जंगलातल्या गावांतून माणसं येतात, आणि कुठल्या ना कुठल्या सरकारी कामासाठी फोटो काढायला आमच्याकडे वळतात. अब्बांची एक रीत होती. कामाचा छातीपर्यंतचा फोटो झाला की ते म्हणायचे, "आता एक माह्यासाठी." मग त्या माणसाला बाजारात विकायला आणलेल्या वस्तूसकट उभं करून पूर्ण फोटो काढायचे. त्याचे पैसे नाहीत. फोटोला नाव देताना माणसाचं नाव देत नसत. नाव विचारलं की बाया पदर तोंडाला लावून हसत, नाहीतर नवऱ्याकडे बघत. म्हणून मग गावाचं नाव आणि पुढे डिंक, केरसुणी, लाल कोंबडा. अब्बांच्या डब्यात अशी शेकडो माणसं आपापली वस्तू धरून उभी होती.

घरातला कॉम्प्युटर आधीच बिघडला होता, आणि यंदा उन्हाळ्यात दुकानातला जुनाही जळाला. नवा आणला, तर त्याला डबा दिसेना. दिवे लागलेले, आतून घरघर ऐकू येते, पण फोटो एकही उघडत नाही. भावाने फोनवर समजावलं की डबा जुन्या पद्धतीने बोलतो आणि नव्या कॉम्प्युटरने ती बोली सोडून दिली आहे. त्याचं फर्मवेअर, म्हणजे डब्याला आतून चालवणारा प्रोग्राम, बदलायला हवा. डब्याचं सेटिंगचं पान अजून उघडतं, तिथून नवा प्रोग्राम आत ढकलता येईल. फक्त ते चालू असताना लाईट गेली, तर डबा कायमचा मुका होऊ शकतो. फोटोंची दुसरी प्रत होती, ती जळालेल्या कॉम्प्युटरमध्ये. आणि आमच्याकडे लाईट कधी जाईल, हे लाईटलासुद्धा माहीत नसतं. मी रोज त्या डब्यावरची धूळ पुसायची आणि उद्या करू म्हणायची.

एके दुपारी एक म्हातारा माणूस आला. डोक्याला पंचा, हातात काठी, उन्हाने डोळे बारीक झालेले.

"जोहार बाई. तुह्या अब्बानं माह्या बायकोचा फोटो काढला होता. थो पायजे."

"बसा न भाऊ. कधी काढला होता?"

"लय साल झाले. आमच्या रस्त्यावर डांबर नोयतं तवाचा. बाजारात चारोळी घेऊन आली होती."

त्याची बायको मागच्या पावसाळ्यात गेली होती. त्यांच्या समाजात, गेलेल्या माणसाच्या नावाने गावाबाहेर दगड उभा करतात, आणि आता काही जण त्याच्याजवळ फोटोही ठेवतात. जावयाला तसा फोटो हवा होता. हे सांगून झाल्यावर तो बराच वेळ काठीच्या टोकाने फरशीवर काही काढत बसला.

"जावयाचं जाऊ दे," तो म्हणाला. "मले तिचा चेहरा याद नाई येऊन राह्यला, बाई. आवाज येते, चाल येते, चेहरा नाई येत. होता थो सरकारी कागदाले लागला, घरी एक बी फोटो नाई."

त्याला परत पाठवायचं माझ्या जिवावर आलं, आणि त्याच वेळी डब्याला हात लावायचीही भीती वाटली. मी त्याला खरं काय ते सांगितलं. या डब्यात ती आहे, पण डबा उघडत नाही. उघडायला गेले आणि लाईट गेली, तर ती जाईल आणि बाकीचेही सगळे जातील.

त्याने डब्याकडे बघितलं. "आता तरी कुठी हाय थे?" तो म्हणाला. "कर."

मी डबा आणि कॉम्प्युटर दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले. त्याची बॅटरी जुनी, किती वेळ टिकेल ते सांगता येत नव्हतं. भावाने पाठवलेली फाईल सेटिंगच्या पानावर चढवली, बिस्मिल्लाह म्हणून बटण दाबलं. पडद्यावर एक निळी पट्टी आली, आणि खाली सूचना, की वीज बंद करू नका. ती वाचताक्षणी लाईट गेली. डब्याचे दिवे इन्व्हर्टरवर तसेच राहिले. माझ्या तोंडून काय निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हातारा उठला आणि पंख्याचं बटण बंद करून आला. तेवढाच भार कमी.

मग आम्ही दोघं त्या बंद पंख्याखाली बसून राहिलो. बाजूच्या बंगाली मिठाईवाल्याकडे दूध आटत होतं, त्याचा गोड, जड वास दाराच्या पडद्यातून आत येत होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. निळी पट्टी इतकी हळू सरकत होती, की सरकते आहे की मलाच तसं वाटतंय, ते कळेना. डबा घरघरत होता. त्या घरघरीने माझे डोळे जड झाले आणि मला वाटलं, बाजार भरलाय. आत, डब्यात, सागाच्या झाडांखाली सगळे रांगेत बसलेत. डिंकवाला, केरसुणीवाली, कोंबडा काखेत मारलेली ती उंच बाई. कोणी बोलत नाही. अब्बा मधून कॅमेरा गळ्यात घालून फिरताहेत आणि ज्याच्यासमोर थांबतील तो उभा राहतोय. मला त्यांना हाक मारायची होती. पण हाक मारली तर सगळे उठून जातील, अशी भीती वाटली, म्हणून मी गप्प राहिले. खूप बरं वाटत होतं. अब्बा गेल्यापासून इतकं बरं मला वाटलं नव्हतं.

"बाई, दिवा लाल झाला," म्हातारा म्हणाला.

पट्टी संपली होती. दोन्ही दिवे लाल झाले, मग विझले. घरघर थांबली. दुकानात इतकी शांतता झाली की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. तो म्हातारा डब्याला हात न लावता नुसता त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला, आजारी माणसाच्या खाटेशी राहावं तसा. बऱ्याच वेळाने डबा एकदा चिरकला, पुन्हा घरघरला, आणि हिरवे दिवे लागले.

नव्या कॉम्प्युटरला डबा दिसला. मी आनंदाने टाळीच वाजवली. फोटोंचा कप्पा उघडला, आणि बघते तर प्रत्येक फोटोखाली नुसती प्रश्नचिन्हं. गाव नाही, डिंक नाही, कोंबडा नाही. भावाला फोन लावून मी त्याला वाट्टेल ते बोलले. त्याने ते ऐकून घेतलं आणि सांगितलं की नव्या प्रोग्रामला डब्यातली जुनी मराठी अक्षरं वाचता येत नाहीत. फोटो मात्र सगळे शाबूत आहेत. शाबूत होते, पण अब्बांनी एकेका माणसाला दिलेलं ते एकेक नाव गेलं होतं. मी म्हाताऱ्यासमोरच रडले.

"रडून नको राहू," तो म्हणाला. "चारोळीची टोपली पाहू न."

आम्ही एकेक फोटो बघायला बसलो. मी पुढे ढकलत होते, तो बघत होता. मोहफुलं, झाडू, मध, बांबूचं सूप. चारोळीची टोपली आली की मी थांबायची, आणि तो मान हलवायचा. "हे तं पलीकडच्या गावची." "हे आमच्या गावचीच, पण हे नोहे." चारोळीवाल्या सगळ्या संपल्या. ती कुठेच नव्हती. त्याचा चेहरा उतरला. मी उगीच पुढचे फोटो सरकवत राहिले, कारण थांबले तर त्याला उठावं लागलं असतं.

"थांब."

पडद्यावर एक बाई होती. टोपली नव्हती, विकायचं काहीच नव्हतं. दोन्ही हातांनी तिने छातीशी पुरुषाच्या नव्या कोऱ्या चपलांचा जोड धरला होता.

"ह्या माह्या चपला," तो म्हणाला, आणि मग पुढे वाकला. मी पडदा त्याच्याकडे वळवला. "चारोळी विकून आली असंन. पह्यले विकली, मंग फोटो."

मी डोळे पुसले आणि कामाला लागले. दगडाजवळच्या फोटोला चेहरा मोठा लागतो. मी खांद्याखालचा भाग कापायला चौकट ओढली.

"कापतं काऊन?"

"चेहरा मोठा येईल, भाऊ. चपला नाई चांगल्या दिसत अशा फोटोत."

त्याने बोट पडद्याच्या अगदी खाली नेलं, जिथे अब्बांच्या जुन्या हिरव्या पडद्यापुढे तिचे पाय होते. धुळीने भरलेले, भेगा पडलेले, अनवाणी.

"पूर्ण दे," तो म्हणाला. "मी तवा हे पाह्यलंच नोयतं."