गप

सरळ चाललेल्या गोष्टीला स्वतःचं वळण लावल्याशिवाय ज्यांना घास गोड लागत नाही, अशा माणसांचं संमेलन भरलं तर अध्यक्षपद श्रीगोंद्यातल्या आमच्या कॉलेजच्या संगणक विभागप्रमुखांनाच द्यावं लागेल. सर मूळचे दुष्काळी जामखेडचे. स्वतःचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवायचे आणि वेळ सांगताना दहा मिनिटं वजा करायचे. संगणकाच्या सी भाषेत यंत्राने वाचू नये अशी टीप लिहायची, तर अख्खं जग आधी दोन तिरप्या रेघा ओढतं. सरांनी मात्र मॅक्रोची, म्हणजे एका शब्दाच्या जागी दुसरं काही बसवायची, युक्ती लढवून रेघांऐवजी रोमन अक्षरांत ‘गप’ लिहायचा रिवाज पाडला. “गप म्हटलं की मशीन गप. रेघा कशाला वढायच्या?”

खरं तर हे चालायलाच नको होतं, कारण यंत्र टिपा आधी पुसतं आणि शब्द मागाहून बदलतं. पण लॅबमधला जुना कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषी, सरांसारखाच नियमांना सैल होता. नव्या मशीनवर हे बंद पडेल, असं मी, त्यांच्याच विभागातली शिक्षिका, दहादा सांगितलं. त्यावर सर म्हणायचे, तुम्ही कोपरगावच्या, पाण्याकाठच्या, तुम्हाला काटकसर काय कळणार. दोन रेघांऐवजी तीन अक्षरं, यात काटकसर कुठली, हे विचारायची सोय नव्हती. चूक कबूल करणं तर त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांच्या हजेरीच्या प्रोग्राममध्ये गैरहजर मुलं हजर लागतात, हे मी एकदा दाखवलं, तर म्हणाले, मुद्दाम ठेवलं होतं, तुमची परीक्षा घेत होतो.

निवृत्तीला महिना उरला. आपल्यामागे तो हजेरीचा प्रोग्राम चालू राहावा, एवढीच त्यांची इच्छा होती. नवे संगणक आले आणि प्राचार्य म्हणाले, सगळ्यांसमोर पडद्यावर चालवा, चालला तर ठेवू. सरांनी इस्त्रीचा शर्ट घालून कळ दाबली. नव्या कंपायलरने गप बसायला साफ नकार दिला. तो सरांच्या टिपांनाच प्रोग्राम समजला आणि न कळलेली एकेक ओळ पडद्यावर छापू लागला. त्यात एक होती: “ही चूक मॅडमनी काढली. पोरगी लई हुशार हाय. तिला सांगू नये.”

सगळे हसले. सर पडद्याकडे पाठ करून उभे राहिले. मी खुर्चीत बसले, मॅक्रो खोडला, प्रत्येक ‘गप’च्या जागी दोन रेघा घातल्या आणि प्रोग्राम चालला.

“रेघा वढल्या न्हवं?” सर हळूच म्हणाले. “बरं केलं.”

सर आता जामखेडला असतात. हजेरी अजून त्यांच्याच प्रोग्रामवर लागते. ‘तिला सांगू नये’ या ओळीखाली मी दोन रेघा ओढून लिहिलंय, “सर, वाचलं.” यंत्र ते वाचत नाही, आणि सर आता ती फाईल उघडत नाहीत.