फी भरलेली होती

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला जबाब कुठल्या गुन्ह्यातला, हे सांगता येत नाही. पळस्पे फाट्याच्या पुढच्या त्या कोल्ड स्टोरेजमधली घटना मात्र जशीच्या तशी लक्षात आहे. माझी निवृत्ती जवळ आली होती, तेव्हाची ही गोष्ट.

दुपारी पोलीस ठाण्यात फोन आला. मासळी गोठवून परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात अमोनिया वायूची गळती झाली होती आणि एक मुलगी आत अडकली होती. आम्ही पोचेपर्यंत अग्निशमन दलाने तिला बाहेर काढलं होतं. रुग्णालयात डॉक्टरांनी तपासून मृत घोषित केलं. उरणकडच्या खाडीकाठच्या कोळ्याची ही थोरली मुलगी. शिकाऊ उमेदवार म्हणून लागून वर्षही झालं नव्हतं. अशा वेळी घालायचा श्वसनसंच यंत्रखोलीच्या दाराबाहेरच कपाटात होता. तिने तो घेतलाच नव्हता. तोंडाला ओला रुमाल बांधून ती आत गेली होती.

अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि जबाब सुरू केले. पाळीचा सुपरवायझर सुकापूरला राहणारा, पन्नाशी ओलांडलेला, मवाळ बोलणारा गृहस्थ. त्याने सांगितलं की ती कोणाला न विचारता आत गेली, तो स्वतः तेव्हा कंटेनर भरून घेत होता. तिला सुरक्षेचं प्रशिक्षण दिलं होतं का, असं विचारल्यावर तो हो म्हणाला.

मालक नवीन पनवेलचा, वडिलांचा धंदा पुढे चालवणारा. त्याने मला केबिनमध्ये बसवून सगळं समजावलं. नव्या शिकाऊ मुलांच्या विद्यावेतनाचा काही भाग सरकारकडून परत मिळतो, बाकीचा तो घालतो. जुन्या कामगारांना नवीन यंत्रं आणि सुरक्षा शिकवायला मात्र सरकार त्याला काही देत नव्हतं. तरी त्याने बाहेरची प्रशिक्षण संस्था लावली आणि नव्याजुन्या सगळ्यांची फी पदरची भरली. पावत्याही दाखवल्या. "साहेब, या बाबतीत मी कधी हात आखडता घेतला नाही," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. इतक्या वर्षांत एवढं तरी ओळखता यायला लागलं होतं.

मुलीचे वडील शवविच्छेदनाच्या वेळी रुग्णालयाच्या पायरीवर बसून होते. रडत नव्हते. मी शेजारी बसलो, तेव्हा आपणहून बोलू लागले. जन्मभर होडीसाठी बर्फ विकत घेतला, पण यंत्रात तो होतो कसा ते कधी कळलं नव्हतं. पोरीने घरी येऊन चुलीपुढे बसून ते समजावून सांगितलं होतं. "आमी सगली ऐकत बसायचो," ते म्हणाले.

प्रकरण अपघात म्हणून मिटायच्या बेतात होतं. कारखान्यात घेतलेले सगळे जबाब एकसारखे होते, आणि तेच मला खटकत होतं. मॅनेजर दाराशी उभा असला की माणूस तेवढंच बोलतो, जेवढं त्याला पुढेही नोकरीत ठेवील. आमच्या महिला हवालदाराला मी सांगून ठेवलं होतं, आवाराबाहेर कोणी बोलायला आलं तर घाई करू नका, ऐकून घ्या. चार-पाच दिवसांनी पॅकिंगमधल्या, कोन गावच्या एका बाईने तिला बाजारात गाठलं. भाजी निवडता निवडताच ती म्हणाली, "ती पोर आपल्या मनानं गेली नाय. तिला धाडली."

ती आणखीही एक गोष्ट बोलली. वर्ग भरायचा, शिक्षक यायचे, पण कंटेनर आला की सगळ्यांना उठवून कामावर नेत.

सुपरवायझरला ठाण्यात बोलावलं. त्याची बायको सोबत आली होती, त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन. बाहेरच्या बाकावर ती डबा मांडीवर ठेवून बसली. आत तो पहिलंच सांगणं पुन्हा पुन्हा सांगत राहिला. बनवून सांगणारे लोक सहसा तपशील वाढवत नेतात. हा एक शब्दही वाढवत नव्हता. मला वाटलं, हा काहीतरी लपवतोय, पण त्याहून जास्त लाजतोय. आवाज चढवून उपयोग नव्हता. मी त्याला चहा दिला आणि घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी कारखाने निरीक्षकांनी यंत्रखोली सुरक्षित असल्याचं कळवल्यावर त्याला तिथे नेलं. दोन पंच होते, अग्निशमन दलाचा एक जवान होता. मी त्याला एवढंच म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही स्वतः आत गेला असता, तर काय केलं असतंत ते करून दाखवा."

त्याने कपाट उघडलं. श्वसनसंचाच्या मुखवट्यावर कंपनीची प्लॅस्टिकची पिशवी अजून तशीच होती. ती काढायला त्याला वेळ लागला. पट्टे उलटे पडले, त्याने ते सोडून पुन्हा बांधले. मुखवटा चढवला, पण पाठीवरच्या सिलिंडरची चावी उघडलीच नाही, त्यामुळे आत हवाच येईना. जवानाने पुढे होऊन मुखवटा उतरवला. सुपरवायझर घामाने निथळला होता. तो तिथेच उंबऱ्यावर बसला.

"साहेब, मलाच येत नाही," तो म्हणाला. "मी तिला काय शिकवणार?"

मग सगळं बाहेर आलं. तीनदा तो वर्गात बसला होता आणि तीनही वेळा कंटेनर आल्यामुळे त्याला मधूनच उठवलं होतं. हजेरीवर सही मात्र पूर्ण दिवसाची. त्या दुपारी वास आला, तेव्हा निर्यातीचा माल दारात होता आणि तो हलू शकत नव्हता. त्याने तिला सांगितलं, जरा बघून ये, वॉल्व्ह बंद कर. तिलाच का पाठवलं, असं मी विचारलं. "सांगितलेलं पटकन कळायचं तिला," एवढंच म्हणाला आणि तोंड झाकून घेतलं.

मालकाला पुन्हा बोलावलं. विचारलं, वर्ग असेल त्या दिवशी माल कमी काढायचा असं ठरवलं होतं का? प्रश्न त्याच्या लक्षातच आला नाही. मी पुन्हा विचारला. 

"फी मी दिली, साहेब," तो म्हणाला. "वेळ दिला नाही."

निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दोघांवर दाखल केला, अटक केली, पुढे जामीन झाला. दोषारोपपत्र मी निवृत्त होण्याआधी पाठवलं. खटला अजून चालू आहे. सुपरवायझरला पोलीस गाडीत बसवताना त्याच्या बायकोने गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात दिलं, माझ्याकडे न बघता. कायद्याने जे करायचं ते मी केलं. त्या दिवशी समाधान मात्र वाटलं नाही.

चोर, दरोडेखोर, मारेकरी यांच्या मागे माझी नोकरी गेली. त्या लोकांना आपण काय करतोय हे ठाऊक असतं. इथे मालकाने पैसा खर्चला होता, सगळे सांगत तसं सुपरवायझर त्या मुलीला लेकीसारखं वागवत होता, आणि तरी ती गेली. शिकवायचं म्हणजे तेवढा वेळ यंत्र थांबवायचं, तेवढं नुकसान आपलं म्हणायचं. खरा खर्च तोच असतो, आणि त्याची पावती मिळत नाही म्हणून तो कोणी धरत नाही. हे मला त्या प्रकरणाने शिकवलं.

निवृत्तीनंतर तिच्या वडिलांचा फोन आला. धाकटीला त्याच कामात, दुसऱ्या एका कारखान्यात, शिकाऊ म्हणून घेत होते. घरात कोणाचं मन होत नव्हतं, पण पोर हटून बसली होती. "सायेब, तुमी एकदा बघून याल काय? खरंच शिकवतात का नुसती कामाला लावतात?"

मी गेलो. एक यंत्र बंद होतं आणि फळ्यासमोर नवी मुलं बसली होती. त्यांच्यात केस पिकलेले दोन फिटरही होते. मॅनेजर म्हणाला, शेजारच्या दोन कारखान्यांशी मिळून शिक्षक ठेवलाय, त्याचा पगार तिघांत. वर्गाच्या दिवशी माल कमी निघणार हे धरूनच ऑर्डर घेतो. मी वर्ग सुटेपर्यंत मागच्या बाकावर बसून राहिलो. मधे कोणालाही उठवलं नाही.

बाहेर येऊन वडिलांना फोन केला. सांगितलं, शिकवतात. मी स्वतः पाहिलंय.

 ते म्हणाले, "थोरलीच्या वेलेला कोनाला इचारायचं तेच ठावं नव्हतं, सायेब."