पाठीला डोंगर

आमच्या घरात ‘बघू’ या शब्दाचा अर्थ ‘नाही’ असा होतो. तो उच्चारताना आईचा आवाज चढत नाही, चेहरा बदलत नाही. ती फक्त हातातले काम पुढे चालू ठेवते. साताऱ्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर मी लॅपटॉप उघडून इटलीचा नकाशा दाखवला आणि मेथी निवडता निवडता ती ‘बघू’ म्हणाली, तेव्हाच मी थांबायला हवे होते. मी बोलत राहिले.

योजना माझ्या मते निर्दोष होती. सप्टेंबरपासून तुरिनच्या एका प्रयोगशाळेत मला दोन वर्षांचे संशोधनाचे काम मिळाले होते. आई त्याच उन्हाळ्यात शाळेतून निवृत्त होत होती. बाबा जाऊन काही वर्षे झाली होती आणि मी एकुलती एक. ती दोन वर्षे सुरू होण्याआधी एक महिना दोघींनी समुद्रकाठच्या खेड्यांत राहायचे आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला आगगाडीनेच जायचे, असे मी ठरवले होते. जिनोव्हापासून आग्नेयेकडे जाणाऱ्या किनाऱ्यावर मोनेल्या, बोनास्सोला, लेवांतो ही गावे एकाच रेल्वेमार्गावर लागोपाठ आहेत. मधला प्रवास बहुतेक बोगद्यांतून. स्थानकापासून चालत गाठता येतील अशा खोल्या, आई बाहेरचे खात नाही म्हणून प्रत्येक खोलीला स्वयंपाकघर, जवळ दवाखाना, चढ कमी. जे जे घटक बदलू शकत होते ते सगळे मी तपासले होते, अशी माझी समजूत होती.

“खोल्यांचं तोंड कुठल्या बाजूला?” आईने विचारले. ती आयुष्यभर भूगोल शिकवत आली. प्रश्न मला सवयीचाच वाटला.

“पश्चिमेला, तिन्ही ठिकाणी. रोज खिडकीतून सूर्य समुद्रात बुडताना दिसेल.”

“आणि पाठीला काय?”

“डोंगर. अगदी घरांना टेकलेले. फोटो बघ ना.”

तिने फोटो पाहिला, डोंगर पाहिला आणि पुन्हा मेथीकडे वळली. “बघू.”

खरा अडथळा मला डॉक्टरांचा वाटत होता. आईला मधुमेह आहे आणि ती ज्या गोळ्या घेते त्या उपाशी पोटी साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकतात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, उपास पूर्ण बंद असतील तरच ते प्रवासाला योग्य असल्याचे पत्र देतील. आईने मान हलवली होती. ती मान मी होकार म्हणून धरली आणि तो मुद्दा माझ्यापुरता मिटला.

मग तिने दुसरी शंका काढली. तिकडे गाडी स्थानकावर जेमतेम थांबते म्हणतेस, बॅग घेऊन चढणे-उतरणे मला जमेल का? शंकेला उत्तर प्रयोगाने द्यावे, हे माझे शिक्षण. मी म्हटले, आपण सराव करू. सांगलीला मावशीकडे एसटीने जाऊ, रात्री राहू, दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने साताऱ्याला परत येऊ. प्रत्येकीजवळ एकच बॅग, जशी तिकडे असेल तशीच भरलेली. माझ्या बॅगेत साखर तपासायचे यंत्र आणि ग्लुकोजची पुडीही होती.

मावशी आईची थोरली बहीण. तिने दार उघडले तेच “आली का गं इटलीवाली!” म्हणत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून स्वयंपाकघरात आले, तर ओट्यावर पोह्यांची एकच ताटली होती.

“तुमची कुठे आहे?”

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिले. मावशी म्हणाली, “आज संकष्टी आहे गं. कॅलेंडर बघायचं नसतं का तुमच्या विज्ञानात?”

मी खरोखरच ते पाहिले नव्हते. तारीख मी गाडीच्या सोयीने निवडली होती. मला संकष्टी माहीत नव्हती असे नाही. या दोघी शाळेत असल्यापासून एकत्र ती धरत आल्या होत्या, दर महिन्याला सांगलीच्या गणपतीला जाऊन. आईचे लग्न होऊन ती साताऱ्याला आली तरी उपास फोनवर एकत्रच सुटायचा. सांगली साताऱ्याच्या पूर्वेला, म्हणून तिथला चंद्र दोनेक मिनिटे आधी उगवतो. कॅलेंडरात गावागणिक वेळा छापलेल्याच असतात. ती दोन मिनिटे मावशी वर्षानुवर्षे मिरवत आली होती. “आला गं आमचा! तुझा अजून झोपलाय वाटतं,” हा तिचा फोन माझ्या बालपणीच्या जेवणाची घंटा होता. पण हे सगळे आता बंद झाले आहे, असे मी धरून चालले होते.

“सकाळची गोळी घेतलीस?” मी आईला विचारले.

“घेतली.”

“उपाशी पोटी?”

“चहा घेतलाय. दर महिन्याला करते. काही होत नाही.”

“दर महिन्याला?” माझा आवाज चढला. “आणि फोनवर मला जेवले म्हणून सांगतेस?”

“चंद्र उगवल्यावर जेवतेच की,” आई म्हणाली. तिच्या व्याख्येत ते खोटे नव्हते.

मी डॉक्टरांची अट सांगितली. मी म्हटले, अनोळखी गावात, भाषा येत नसताना, तू चक्कर येऊन पडलीस तर मी काय करायचे? दुपारपर्यंत तिने काही खाल्ले नाही तेव्हा मी अखेरचे वाक्य बोलले. “मग ठरलं. तू येऊ नकोस.”

“बरं,” आई म्हणाली आणि स्वतःची बॅग भरू लागली.

निघताना मावशीने तासगावचे बेदाणे माझ्या हातात कोंबले. “तुझ्या आईला नाही, तुला. लय हिशेब करतेस बाई, डोकं शिणत असेल.”

गाडीत आईने उजवीकडची खिडकी मागून घेतली. तिच्या हालचाली सराईत होत्या. बॅग एका झटक्यात वर आली, बाकाखाली गेली. सरावाचा निकाल उत्तम होता आणि आता त्याचा उपयोग उरला नव्हता. समोरच्या बाकावर म्हसवडला निघालेली एक म्हातारी बाई होती, कोरेगावला उतरून पुढे जाणारी. आमचा अबोला तिला फार वेळ सोसला नाही.

“आवं ताई, कुठं निगालासा म्हनायचं येवढ्या तयारीनं?”

“ही इटलीला चाललीय,” आई माझ्याकडे न बघता म्हणाली.

“ते कुठं आलं? पुण्याच्या पल्याड?”

“लय पल्याड.”

“मेंढरं हायत का तितं?”

“आहेत,” मी म्हटले.

“मग चालतंय,” म्हातारीने परवानगी दिली.

कराड मागे पडले. अंधार झाला. आई खिडकीच्या गजांना कपाळ लावून बाहेर बघत होती. पूर्वेला वळवाचे ढग दाटले होते. रहिमतपूर सोडल्यावर थोड्याच अंतरावर गाडी थांबली. सिग्नल मिळत नव्हता. डब्यातले पंखे फिरत होते, पण हवा हलत नव्हती.

“कराड आलं का गं?” आईने विचारले.

मी तिच्याकडे वळले. तिच्या ओठांवर, गळ्यावर घाम होता; गजावरची बोटे थरथरत होती. आयुष्यभर नकाशे शिकवलेल्या बाईला कराड केव्हाच मागे पडले आहे हे कळत नव्हते. मी तिचे बोट टोचले. यंत्रावरचा आकडा धोक्याच्या रेषेच्या खाली होता. मी बाटलीत ग्लुकोज कालवले आणि तिच्या तोंडाशी नेले. तिने ओठ मिटून घेतले.

“आई, साखर खाली आलीय. आत्ता प्यायचं.”

“चंद्र दिसू दे.”

“ढग आहेत. दिसणार नाही.”

“मग वेळ होऊ दे. अजून वेळ आहे.” शब्द एकमेकांत अडकत होते, पण निर्धार शाबूत होता. मी समजावले, रागावले, शेवटी विनवले. म्हातारीही पुढे सरकली. “प्या की आक्का. द्येव काय पोलीस हाय व्हय, दंड कराया?” आई हसली, पण बाटलीकडे बघितले नाही. बळजबरीने पाजले आणि ठसका लागला तर, हा विचार माझ्या मनात होता. गाडीतून उतरून जावे असे आजूबाजूला काही नव्हते. दोन्हीकडे काळोखी शेते. मी मावशीला निरोप टाकला: गाडी अडकली आहे, आईला घाम फुटला आहे, काही घेत नाही. तिच्याकडे काही मागावे हे मला सुचलेही नव्हते. फक्त कोणाला तरी कळायला हवे होते.

लगेच फोन वाजला, आईचा. तिच्या हातातून तो निसटत होता म्हणून मी आवाज मोठा करून धरला.

“आला गं आमचा!” मावशी ओरडली. “केवढा मोठा दिसतोय. तुझा अजून झोपलाय का?”

“ढग आहेत इथं,” आई पुटपुटली.

“तुझ्या ढगांचं मला काय सांगतेस? सकाळी आंघोळ माझ्या घरी केलीस, पूजा माझ्या देवापुढं केलीस. उपास सांगलीचा आहे, तो सांगलीच्या चंद्रावर सुटतो. खा मुकाट्यानं.”

आईने डोळे मिटले, हात जोडले आणि मग स्वतःहून बाटलीकडे हात केला. ती सावकाश, सगळे पाणी प्यायली. मी बेदाण्यांची पुडी फोडली. तिने मूठभर खाल्ले, म्हातारीला दिले, मला दिले. मी पुन्हा बोट टोचले. आकडा चढत होता. सिग्नल मिळून गाडी हलली.

कोरेगावला म्हातारी उतरली. “इटलीत जपून ऱ्हावा,” ती आईला म्हणाली. मला नाही.

साताऱ्याच्या फलाटावर उतरलो तेव्हा पूर्वेचे ढग फाटले होते आणि रुळांपलीकडे, क्षितिजाला जवळजवळ चिकटून, तांबूस चंद्र होता. आईने बॅग खाली ठेवून नमस्कार केला. मग घड्याळ पाहिले.

“ताईचा चंद्र आज बराच लवकर उगवला,” ती म्हणाली.

सकाळी स्वयंपाकघरात सांगलीची छापील वेळ मीही वाचली होती. “तुला तेव्हाच कळलं होतं?”

“डोकं चालत नव्हतं, तरी तेवढं कळलं.”

“मग प्यायलीस का?”

“या बाबतीत ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती. म्हटलं, आज बोलतेय त्या अर्थी माझं खरंच वाईट चाललं असणार.”

यंत्राचा आकडा तिने मानला नव्हता. बहिणीचा वेळेआधी उगवलेला चंद्र मात्र तिने पुरावा म्हणून स्वीकारला होता. अनुमानाची ही रीत माझ्या पद्धतीत बसत होती, फक्त मी असे मोजमाप कधी वापरले नव्हते.

रिक्षात ती म्हणाली, “त्या तुझ्या गावांत पाठीला डोंगर. चौथीचा चंद्र आधीच उशिरा, त्यात तो डोंगर चढून वर येईपर्यंत मध्यरात्र उलटली असती. म्हणून विचारलं होतं तोंड कुठं ते. येते म्हणाले असते तर तिथं उपाशी बसले असते, आणि तू असा चेहरा करून माझ्यासमोर बसली असतीस. त्यापेक्षा बघू म्हटलेलं बरं.”

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो आणि आईने दर महिन्याचे खरे ते सांगितले. त्यांनी आधी कडक शब्दांत सुनावले, मग गोळ्या बदलल्या. तिने दिवसा फराळ करायचे कबूल केले. चंद्राचा नियम मात्र तिने स्वतः ठरवला: परदेशात असताना उपास मावशीच्या फोनवर सोडायचा. सांगलीत चंद्र उगवेल तेव्हा तिथे अजून ऊन असेल, हे तिने पृथ्वीगोलावर बोट ठेवून मला समजावून सांगितले, जणू मी सातवीत आहे. “जेवायला सांगलीचा. पण बघायला तिथला पाहिजे,” ती म्हणाली. “न बघता झोपणार नाही मी.”

डॉक्टरांचे पत्र मिळाले, पण तिचा होकार मिळाला नव्हता. त्या रात्रीच मी पश्चिम किनाऱ्यावरच्या तिन्ही खोल्या सोडून दिल्या. इटलीला दुसरी बाजूही आहे, हे नकाशावर कायम दिसत होते. मी तिकडे पाहिले नव्हते, कारण सगळे लोक सूर्यास्त बघायला जातात. त्या बाजूच्या एड्रियाटिक समुद्राच्या काठाने रेल्वे जाते, कित्येक ठिकाणी वाळूला लागून. रोसेतो, पिनेतो, ऑर्तोना. त्या महिन्यात एकच संकष्टी येत होती. त्या रात्री चंद्र कोणत्या दिशेला उगवेल ते मी काढले, आणि त्या दिवशी आम्ही जिथे असू त्या खोलीच्या मालकिणीला लिहून विचारले की गच्चीतून त्या दिशेला काही आड येते का. तिने कारण विचारले नाही. समुद्राशिवाय काही नाही, असे तिचे उत्तर आले.

आई अंगणात कपडे वाळत घालत होती. मी लॅपटॉप घेऊन बाहेर गेले आणि काही न बोलता तो तिच्यासमोर धरला. तिने हात पुसले.

“तोंड कुठल्या बाजूला?”

“पूर्वेला. समुद्रातूनच उगवेल.”

“पाठीला?”

“द्राक्षमळे. डोंगर आहे, पण लांब.”

तिने फोटो मोठा करून पाहिला, बराच वेळ पाहिला. मी त्या एका शब्दाची वाट बघत होते.

“लांब असू दे,” ती म्हणाली, आणि चिमटे माझ्या हातात देऊन उरलेले कपडे मला वाळत घालायला सांगून ती मावशीला फोन करायला आत गेली.