गिअर दातांनी ऐकणारे तात्या

तात्या गिअरबॉक्स दातांनी ऐकत. लाकडी पट्टीचं एक टोक चालत्या गिअरबॉक्सला टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे. बारामतीच्या एका लहान कारखान्यात मी इंजिनिअर म्हणून लागलो, त्या पहिल्याच दिवशी हे पाहून मी हसू दाबलं. "हसा की सायेब," पट्टी काढून ते म्हणाले, "कानात अख्खी शेड शिरती. दातात एकटा गिअर येतो."

तात्या कऱ्हाटीचे, सातवी शिकलेले, आमचे सर्वांत जुने फिटर. मी इंदापूर तालुक्यातला, घरातला पहिला पदवीधर. पुस्तकातल्या आकृतीवर माझी देवासारखी श्रद्धा. नोकरी कायम करण्याआधी मालकांनी बावड्याच्या एका गुऱ्हाळाच्या चरकाचा गिअरबॉक्स माझ्यावर सोपवला. "हा परत आला, तर तुम्हीही घरी," म्हणाले.

मी गिअरचे दात अगदी आकृतीबरहुकूम घासून घेतले. तपासणीच्या कागदावर रेघ सरळ आली, म्हणजे दाताचा आकार अचूक. रिकामा गिअरबॉक्स मुकाट फिरला. लोड दिला आणि तो किंचाळायला लागला.

तात्यांनी पट्टी दातात धरली. "लोडनं दात वाकतोय. मग मागचा दात येळंआधी येऊन धडाकतोय. टोक जरा उतरवा त्याचं."

"म्हणजे आकार बिघडवायचा?"

"बिघडवायचा न्हाय. आत यायला वाट द्यायची. केसाएवढी."

तसं केलं. लोडवर आवाज बसला. पण लोड कमी करताच पुन्हा कण्हणं सुरू. तात्यांनी सगळ्यांसमोर पट्टी खाली ठेवली. "ह्ये माझं चुकलं. केस लई जाड निघाला. तुमच्या वहीत ते वाकणं मोजता येतंय का बघा."

येत होतं. चरकात उसाची मोळी असताना दात किती वाकेल, याचं गणित मांडलं. उत्तर केसाचा पाव भागही नव्हतं. तेवढंच टोक उतरवून नवी जोडी घासली. तात्यांनी बराच वेळ ऐकलं, मग पट्टी सदऱ्याला पुसून माझ्यापुढे धरली. "घ्या. लाजू नका." जबड्यातून कवटीत एकसारखी, बारीक गुणगुण शिरली. लोड वाढवला, कमी केला; ती बदलली नाही.

मी कायम झालो. तात्या निवृत्त झाले. परवा बावड्याला तो गिअरबॉक्स पट्टी लावून ऐकला आणि परतताना कऱ्हाटीला गेलो. तात्यांना कवळी बसलीय. "आता पट्टी धरून काय कळत न्हाय," ते म्हणाले. "तुमीच सांगा, कसा चालतोय?"

मी सांगू लागलो. तात्यांनी डोळे मिटले.